पाऊण तास मिळवून

आमचं सॉफ्टवेअर भरती-ओहोटीच्या वेळा सांगतं. ते फुकट आहे आणि त्याचा कोड उघडा आहे. म्हणजे कुणीही बघावा, चुका काढाव्यात. चुका काढायला आपल्याकडे माणसं कधीच कमी पडत नाहीत. दुरुस्त करायला मात्र आम्ही दोघंच होतो. एक मी, रेवसजवळच्या वाडीत सुपारीखाली लॅपटॉप घेऊन बसणारी. दुसरा माझा पालीचा सहकारी, ज्याला भाऊच्या धक्क्याच्या लाँचमध्ये बसल्या बसल्या मळमळतं.

संक्रांतीच्या सुमारास त्याला चूक सापडली. समुद्राचं पाणी खाडीत आत यायला वेळ लागतो, तो आम्ही धरलाच नव्हता. त्यामुळे आमच्या खाडीतली भरती आम्ही पाऊण तास आधीच दाखवत होतो. त्याने ती त्याच दिवशी दुरुस्त केली आणि म्हणाला, "आत्ताच रिलीज करू. चूक कळूनही ठेवायची म्हणजे पाप आहे." देवस्थानाच्या गावात राहत असल्यामुळे तो पापाचा उल्लेख वरचेवर करतो.

मीही करणारच होते. तेवढ्यात मासळी घेऊन मावशी आल्या. त्यांचा नवरा नाखवा. स्वतःची बोट चालवतो आणि आमचंच ॲप बघून खाडीत शिरतो. मी मोठ्या कौतुकाने त्यांना बातमी दिली.

"म्हंजे आता पाऊन तास मिळवायचा न्हाय?"

"कोण मिळवतं?"

"समदीच मिळवतात. मोबाईलला घाई असते, म्हनतात."

म्हणजे अख्ख्या बंदराने आमची चूक आम्हाला न विचारता डोक्यातल्या डोक्यात दुरुस्त करून टाकली होती. मला थोडा रागच आला. मग भीती वाटली.

खाडीच्या तोंडाशी वाळू साचली आहे. भरलेली बोट तिच्यावरून पूर्ण भरतीलाच पार होते. उद्या स्क्रीनवर खरी वेळ आली आणि नाखव्याने सवयीने तिच्यात पाऊण तास मिळवला, तर तो उतरत्या पाण्यात शिरणार. नवखा माणूस जुन्या चुकीवर विसंबून लवकर शिरला आणि अडकला, तरी चढतं पाणी त्याला उचलतं. उतरतं पाणी बोट वाळूवर आडवी करून निघून जातं.

"वर लाल अक्षरात सूचना टाकू," पालीचा सहकारी म्हणाला.

मी नाखव्याला विचारलं. "लाल अक्षरं आमी वाचत न्हाय," तो म्हणाला. "जायरात असते ती."

शेवटी मी ठरवलं, दुरुस्ती पावसाळ्यात सोडायची. तेव्हा मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. चुकायला पाण्यात कुणी नसतं.

"तोवर जगाला खोटी वेळ सांगायची?" सहकाऱ्याने विचारलं.

"जगाला नाही. या खाडीला."

त्यानंतर तो माझ्याशी फक्त कामापुरतं बोलू लागला. आधीही तेवढंच बोलायचा, पण आता ते जाणवायचं.

बोटी वर आल्या आणि मी रिलीज केलं. मग किनाऱ्यावर ताडपत्र्यांखाली जाळी विणत बसलेल्या प्रत्येकाला जाऊन सांगितलं, आता मिळवू नका. सगळ्यांनी माना डोलावल्या. समुद्रात प्लॅस्टिक टाकू नका म्हटलं तरी ते अशाच डोलावतात.

नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला गेला आणि बोटी निघाल्या. नाखवा परत यायचा त्या दिवशी माझं कशात लक्ष लागेना. ॲपवर भरतीची वेळ बघितली, हिशेबाने घरातून निघाले आणि जेटीवर पोचले. पाणी उतरायला लागलं होतं. खाडीच्या तोंडापर्यंत नजर टाकली, बोट कुठेच नव्हती. वेळ मी बदलली होती, मिळवू नका असं मीच सांगितलं होतं. त्याला काही झालं तर मावशींना तोंड कसं दाखवणार होते?

मावशी मागून टोपली घेऊन आल्या.

"नाखवा?" मी विचारलं.

"पलीकडच्या धक्क्याला मासली उतरवतो हाय. कवाचा आलाय."

"पण भरती तर आत्ता..."

त्यांनी माझ्या मोबाईलकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाय, तू पाऊन तास मिळवलास काय?"

मी मिळवला होता.

त्यांनी माझ्या पिशवीत चार बांगडे टाकले आणि हसत निघून गेल्या. मी तिथेच पायरीवर बसून पालीच्या सहकाऱ्याला फोन लावला. बोट सुखरूप आल्याचं सांगितलं.

"वेळेवर?" त्याने विचारलं.

"बोट वेळेवर आली," मी म्हटलं.