बेडा, स्वामी, बेडा!

परवा बंगलोरच्या जयनगरात उसाच्या चरकाशेजारून गेलो. ओल्या चिपाडांचा वास नाकात शिरला आणि मी थेट साठ वर्षं मागे, हत्तींसाठी राखलेल्या त्या जंगलात जाऊन पडलो.

अण्णा, म्हणजे माझे वडील, पुण्याहून बंगलोरच्या कारखान्यात नुकतेच बदलून आले होते. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं, पण हत्तीला स्वतःच्या हातानं ऊस भरवायचा हा हट्ट! आणि समोर हत्ती आला तोही असा, की जणू आमच्या क्वार्टरलाच चार पाय फुटले आहेत. (यात खोटं काही नाही; हत्ती तेवढा दरवर्षी वीतभर वाढतो.) अण्णा ऊस परजत जीपमधून उतरले. हत्तीनं कान फाकवले, सोंड गुंडाळली आणि तो धावून यायच्या बेतात आला. जीपमधला जंगलाचा रखवालदार कळवळून ओरडला, "बेडा, स्वामी, बेडा!"

अण्णा गर्रकन वळले. "वेडा? वेडा कोणाला म्हणतोस रे?" ऊस तिथंच फेकून रखवालदाराची गचांडी धरायला ते तरातरा जीपमध्ये चढले. त्याच क्षणी बेळगावकडच्या ड्रायव्हरनं जी गाडी सोडली, ती पाहून विमानानं लाजावं!

"साहेब, बेडा म्हणजे कन्नडात 'नको' हो!" मैलभर गेल्यावर ड्रायव्हरनं खुलासा केला.

अण्णांचा चेहरा उतरला. तेव्हा मला त्यांची फार कीव आली होती. आता मात्र आईचं वाक्य आठवून हसू फुटतं. जीपच्या मागच्या सीटवर पदर सावरत ती शांतपणे म्हणाली होती, "मला तर दोन्ही भाषांत बरोबरच वाटलं."