जात्याशी थांबलेली भाभी

लोणावळ्याला आमच्या शेजारी एक कल्हईवाला राहायचा. त्याच्या बायकोला मी भाभी म्हणायची. तिची चिमुरडी जन्मापासून बहिरी, पण भाभी तिच्याशी दिवसभर बोलायची. पाठमोरी मात्र कधी नाही. पोरीसमोर उकिडवी बसून, उजेड आपल्या तोंडावर घेऊन, तिचा तळवा आपल्या गळ्यावर ठेवायची आणि मगच म्हणायची, "पाणी."

"तिला ऐकू येत नाही, मग कशाला घसा कोरडा करता?" मी एकदा विचारलं.

"तिला ऐकू येत न्हाई, पर मला बोलता येतंय की."

सकाळी तांदूळ दळताना ती पोरीचा हात जात्यावर ठेवायची. जात्याची घरघर हाताला लागली की पोर हसायची. मग भाभी मधेच थांबून तिच्याकडे बघायची. पोर जात्यावर नुसत्याच थापा मारायची. जरा वाट बघून भाभी पुन्हा दळू लागायची.

एका सकाळी नवरा भाता खांद्यावर टाकून बेडसे गावाला कल्हई करायला निघाला होता. भाकरीला पीठ नव्हतं. जातं थांबलं आणि पोरीनं हात स्वतःच्या गळ्यावर नेला. भाभीनं खुंटा घट्ट धरून ठेवला.

"उशीर व्हतोय," नवरा म्हणाला. भाभी हलली नाही.

पोरीच्या गळ्यातून एक जाडाभरडा "आ" निघाला. जातं एक फेरा फिरलं आणि थांबलं. पुन्हा "आ." पुन्हा एक फेरा.

नवऱ्यानं भाता खाली ठेवला आणि उंबऱ्यात बसला. "दळा सावकाश," तो म्हणाला. "बेडसं कुटं पळून जातंय?"

त्या दिवशीचं सगळं पीठ त्या पोरीच्या आवाजावर निघालं.