कॅप्टन गोव्याला जाईना: वसईचा किल्ला, निर्मळ आणि आमची सहावी 'ब'

आमच्या एव्हरशाईन सिटीतली माणसं सुट्टीत माथेरानला जातात, शिर्डीला जातात, एकजण तर सिंगापूरला जाऊन आला आणि अजून सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिथल्या स्वच्छतेचे दाखले देतो. पण रेल्वेचा पूल ओलांडून वसई पश्चिमेला जायचं म्हटलं की यांच्या पायात गोळे येतात. "तिकडे काय आहे?" म्हणतात. मीही त्यातलाच. माण तालुक्यातून दादरला आलो, कापडाच्या दुकानात गाठोडी उचलली, मग इथे नव्या बिल्डिंगी उठल्या तेव्हा ताडलं की प्रत्येक घराला खिडक्या असणार आणि प्रत्येक खिडकीला पडदा लागणार. दुकान टाकलं, चाललं. पण दहा वर्षं वसईत राहून वसईचा किल्ला मी पाहिला नव्हता.

योग आणला माझ्या मुलीने, केतकीने. ती तेव्हा सहावीत. शाळा मराठी माध्यमाची, आणि इतिहासाला शुभदाबाई नावाच्या तरुण, उत्साही बाई. त्यांचं म्हणणं, इतिहास फळ्यावर शिकवला की परीक्षेनंतर पुसला जातो. तो जागेवर शिकवायचा. म्हणून मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली तो प्रसंग वर्गाने थेट किल्ल्यातच करून दाखवायचा, आणि परतताना निर्मळच्या वाडीत जेवण. सोबतीला दोन पालक हवे होते. नाटकाला कपडे लागणार म्हटल्यावर पडदेवाल्याचं नाव आधी निघालं, हे सांगायला नको. भगव्या सॅटिनच्या पगड्या आणि पोर्तुगीज कॅप्टनसाठी मरून मखमलीचा झगा मी हौसेने शिवून दिला. आदल्या वर्षी एका लग्नाच्या हॉलने ऑर्डर देऊन न नेलेलं कापड होतं, ते एकदाचं इतिहासाच्या कामी आलं.

कॅप्टन होती जेसिंता, केतकीची बाकावरची मैत्रीण. वडील पूर्वेलाच एका कारखान्यात सुपरवायझर, म्हणून इकडे फ्लॅट. मूळ घर निर्मळच्या बाजूला, वाडीत. वक्तृत्वात पहिली येणारी मुलगी. पण निघायच्या आदल्या संध्याकाळी केतकी जेवता जेवता म्हणाली, "पप्पा, जेसिंता जूनपासून आमच्या शाळेत नसणार. ती पश्चिमेच्या शाळेत नाव घालणार आहे."

"का गं?"

"नाटक ठरल्यापासून ओंकार आणि ती सगळी पोरं तिला फिरंगी म्हणतात. डबा खाताना पण. ती म्हणते, इथे राहायचंच नाही मला."

"बाईंना सांगितलं?"

"ती सांगू देत नाही."

केतकीने ताटातला भात नुसता चिवडला. बाकावरची मैत्रीण जाणं म्हणजे काय असतं, हे सहावीतल्या मुलीला विचारा.

जानेवारीतली सकाळ. स्वेटर घालावा की नको असा वसईचा थंडीचा प्रकार. शाळेसमोरून बस सुटली, पूल ओलांडला, आणि अंबाडी रोडची दुकानं मागे पडून पापडी गेल्यावर रस्त्याने रूपच बदललं. दोन्ही बाजूंना झाडं, कौलारू घरं, दारात क्रूस, पुढच्या दारात तुळस, सायकलवर केळीचे घड बांधून निघालेला माणूस. बसमधली पोरं खिडकीला चिकटली. "ए, हे कोकणासारखं आहे!" एकजण ओरडला. जेसिंता म्हणाली, "कोकण याच्यासारखं आहे." मी मनात म्हटलं, शाबास.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी: स्टेशनच्या पश्चिमेहून किल्लाबंदरची एस.टी. मिळते, रिक्षाही मिळते, पण रिक्षावाल्याशी भाडं आधी ठरवा. वसई गावात पारनाक्याला उतरून वडापाव आणि चहा उरकून घ्या, कारण आत किल्ल्यात काही मिळत नाही. पाणी भरपूर घ्या. किल्ला पाहायला तिकीट नाही, आणि म्हणूनच असेल, पाहणाराही फारसा नाही. आम्ही उतरलो तर किल्लाबंदरकडे मासळीची टोपली घेऊन चाललेल्या एका बाईने आमची पलटण पाहून डोक्यावरची टोपली सावरत विचारलं, "एवरी पोरं कुटून आनली?"

"पूर्वेहून, मावशी. इतिहास शिकायला."

"शिकवा, शिकवा. पानी पाजा पोरांना, ऊन चडल."

किल्ला म्हणजे डोंगरावरचा नव्हे, सपाटीवरचा. चढायचे कष्ट नाहीत, ही माझ्या वजनाच्या माणसाला मोठीच सोय. आत चर्चच्या उभ्या उंच भिंती, छप्पर नाही, आत झाडं वाढलेली. देऊळही आहे. समुद्राकडच्या दरवाजापाशी बाईंनी मुलांना सावलीत बसवलं आणि सांगितलं, की किल्ला पडला तेव्हा मराठ्यांनी पोर्तुगीजांना कापून काढलं नाही, सन्मानाने जाऊ दिलं. "शत्रूलाही मानाने वाट देणारे लोक होते आपले," बाई म्हणाल्या. मला ते आवडलं.

मग नाटक. भगव्या पगड्यांचे मराठे इतके, की वेढा घालायला तीन किल्ले लागले असते. पोर्तुगीज पाचच, तेही चिठ्ठ्या टाकून हरलेले. जेसिंताला मात्र चिठ्ठी उचलावी लागली नव्हती. लढाई जोरात झाली. एका मराठ्याचा बूट खंदकात गेला, एक पोर्तुगीज मेल्यावर मुंग्या चावल्या म्हणून उठून दुसरीकडे जाऊन मेला. शेवटी सरदार ओंकार पुढे आला आणि गरजला, "कॅप्टन! किल्ला आमचा झाला! मानाने गोव्याला जा!"

जेसिंताने पुठ्ठ्याची किल्ली दिली. चार सैनिक, मेलेलेही उठून, ठरल्याप्रमाणे ताशाच्या तालावर दरवाजातून बाहेर गेले. ती मात्र उभीच.

"जा की," ओंकार हळूच म्हणाला.

"कुठे?"

"गोव्याला!"

"गोव्यात माझं कोणी नाही."

"ए, असं नाहीये नाटकात!"

शुभदाबाई हसत पुढे आल्या. "जेसिंता, बेटा, नाटक आहे हे."

"माहितीये बाई. पण नाटक नसतं तेव्हाही हा मला फिरंगी म्हणतो." आवाज तोच, वक्तृत्वातला. "किल्ल्यातले गेले. आमचे लोक किल्ल्यात नव्हते, बाहेर वाडीत होते. ते कुठेच गेले नाहीत. मग मी का जाऊ?"

तिने झगा काढला, त्याची नीट घडी केली, माझ्या हातात दिली आणि दगडावर जाऊन बसली. ताशा वाजवणारा पोरगा दरवाजाबाहेर होता, त्याला काही कळलं नव्हतं. तो आपला वाजवतच होता. केतकी उठून तिच्या शेजारी जाऊन बसली. बाकी वर्ग बाईंकडे बघत राहिला, आणि बाई घड्याळाकडे. "चला, उशीर होतोय, बसमध्ये बसा," एवढंच त्या म्हणाल्या.

बसमध्ये त्या पहिल्या सीटवर एकट्याच होत्या. मी शेजारी टेकलो. त्याच म्हणाल्या, "भाऊ, मी तिला कॅप्टन केलं ते तिचा आवाज खणखणीत आहे म्हणून."

"ओंकारचा काय कमी आहे, बाई? मघाशी गरजला तेव्हा चर्चवरची कबुतरं उडाली."

पापडी मागे पडली, गिरीज आलं. मग बाई म्हणाल्या, "हो. दुसरं कोणी माझ्या डोक्यातच आलं नाही."

माणूस एवढं कबूल करतो तेव्हा पुढे काही बोलू नये, हे मी गल्ल्यावर बसून शिकलोय. गिऱ्हाईक स्वतःच कापडाकडे वळलं की दुकानदाराने गप्प बसायचं.

निर्मळला जायचं तर दुपार गाठा. तलावाकाठी जुनं देऊळ आहे, पायऱ्यांवर वारा छान येतो, आणि गावात शिरलात की भाजीचे वाफे, मोगरा, केळी. स्कूटरवरून फुलांच्या पाट्या वसईच्या बाजाराला निघालेल्या. बाईंच्या ओळखीचे विसूकाका, केळीची वाडी असलेले, साठीचे गृहस्थ, उघड्या अंगावर जानवं आणि हातात कोयता, अशा थाटात दारात उभे होते. त्यांच्या घरच्यांनी पानावर जेवण वाढलं: तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, आणि वर सुकेळी. सुकेळी म्हणजे उन्हात सुकवलेली केळी. काळपट दिसतात, पण खाल्लीत तर चॉकलेट विसराल. मी येताना दोन पुड्या विकत घेतल्या. विसूकाका पैसे घेईनात, मी देऊन आलो.

वाढता वाढता त्यांची नजर जेसिंतावर गेली. ती पंगतीच्या टोकाला बसून भाकरीचे तुकडे करत होती, खात नव्हती. काकांनी तिच्याकडे निरखून पाहिलं आणि काहीतरी विचारलं. मराठीच, पण मराठी नव्हे. तिने मान वर केली आणि त्याच बोलीत उत्तर दिलं. काका हसले, परत काहीतरी म्हणाले. ती फटकन बोलली. आतून काकू हात पुसत बाहेर आल्या आणि त्याही त्यात उतरल्या. माझे कान तसे तिखट. मारवाड्याशी मारवाडीत घासाघीस करतो, गुजराती तर येतेच. पण इथे चारातला एक शब्द पकडेपर्यंत गाडी पुढे गेलेली.

"काका, काय बोलताय तुम्ही?" ओंकारला राहवेना.

"आमच्या घरची बोली," विसूकाका म्हणाले. "हिच्या आजोबांची वाडी पलीकडे, त्या विहिरीमागे. आम्ही देवळात जातो, ते चर्चला जातात. बोलतो घरात एकच. विचारलं, तू कोणाची? तर म्हणते, नाव सांगते, पण आधी भाकरीला मीठ कमी आहे ते बघा!"

सगळी पंगत हसली. जेसिंताही. काकूंनी मीठ आणलं.

जेवणं झाल्यावर शुभदाबाईंनी मुलांना वाडीतच गोल बसवलं. आणि विचारलं, "मराठ्यांनी किल्ला घेतला त्या दिवशी, तुमची घरची माणसं कुठल्या गावात असतील? ज्याला माहीत असेल त्याने सांगा."

"मालवण," ओंकार म्हणाला. कोणी खेड म्हणालं, कोणी बार्शी, कोणी धुळे. एका मुलीचे लोक भावनगरचे. केतकीने माझ्याकडे बघून "माण" सांगितलं. "माझे कोरेगावचे," बाई म्हणाल्या. "इथे कोणाचे होते?"

एकच हात वर.

"म्हणजे आपण सगळे नंतर आलेले," बाई म्हणाल्या, "आणि घरच्या माणसाला आपण सांगत होतो, जा म्हणून. भूमिका मी वाटल्या होत्या. चुकले मी. जेसिंता, तुझी माफी मागते."

बाई चुकतात आणि तसं वर्गासमोर म्हणतात, हे पोरांना नवीन होतं. मलाही. आमच्या वेळी मास्तर चुकले तर छडी आम्हालाच बसायची.

ओंकार मात्र पक्का. "पण बाई, मराठे आपलेच ना?"

"आमचे नाहीत असं मी कधी म्हटलं?" जेसिंता म्हणाली.

ओंकारने पायाने माती उकरली. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "मग शेवट परत करूया का? तू सांग कसा."

तिने क्षणभरही वेळ घेतला नाही. "तू कॅप्टन हो."

"मी?"

"झगा घाल." मग माझ्याकडे वळून, "काका, द्या त्याला. केतकी, तू सरदार. बाकीचे अर्धे मराठे, अर्धे पोर्तुगीज. मी गावकरी." गावकरी व्हायला लगेच सात-आठ हात वर आले. तिने त्यातले दोनच निवडले, तेही नीट बघून, आणि विसूकाकांकडून खरं फावडं मागून घेतलं.

केळीच्या रांगेत दुसऱ्यांदा वसई पडली. सरदार केतकीने फर्मावलं, कॅप्टन ओंकारने किल्ली दिली, झगा सावरत गोव्याला निघाला. वाटेत फावडं घेतलेली जेसिंता उभी. ओंकारने, हे त्याच्या डोक्यातून आलं, थांबून विचारलं, "गाववाले, लढाई झाली, आम्ही चाललो. तुम्ही कुठे चाललात?"

"कुठे नाही," ती म्हणाली. "झाली ना लढाई? मग पाटातून पाय काढा. केळीला पाणी सोडायचंय."

विसूकाका इतके हसले की त्यांना खोकला आला. आणि खरोखरच पाणी सोडायची वेळ झाली होती, ते त्यांनी सोडलंही. कॅप्टनसह सगळं पोर्तुगीज सैन्य घोट्यापर्यंत भिजलं. मखमलीचं काय झालं ते विचारू नका.

अंधार पडायच्या आत आम्ही पूल ओलांडून पूर्वेला आलो. खर्च म्हणाल तर बसची वर्गणी आणि वडापाव, एवढ्यात एक दिवस. सिंगापूरवाल्याला मी तसं सांगितलंही, तो म्हणाला, "तिकडे पार्किंग आहे का?" मुलांना घेऊन जाणार असाल तर माझा एक सल्ला: किल्ला बघून परस्पर घरी येऊ नका. आजूबाजूच्या गावात एक दुपार काढा. भिंती काय, त्या कोणीही बांधतो आणि कोणीही जिंकतो.

रात्रीच्या जेवणाला केतकी नेहमीसारखी बडबडत होती. मधेच थांबून तिने विचारलं, "पप्पा, आपण इथले कधी होणार?"

अवघड प्रश्न. गावी गेलो की मला मुंबईकर म्हणतात. मुंबईत व्यापारी मला वसईवाला म्हणतात. आणि त्या दिवशी वसईत कळलं की मी फक्त पूर्वेचा बिल्डिंगवाला.

"मला नाही सांगता येत," मी म्हटलं.

"जेसिंताला विचारते मग. सोमवारी."

"अगं, पण जूनपासून ती..."

"नाही जाणार ती कुठे. बसमध्येच म्हणाली. गॅदरिंगचं नाटकपण तीच बसवणार आहे."

बायकोने माझ्याकडे पाहिलं, मी भाताकडे. बरं वाटलं, एवढंच म्हणतो.

सोमवारी दुपारी केतकी शाळेतून थेट दुकानात आली. दप्तर पाठीवरच.

"विचारलं. ती म्हणाली, तुझ्या पप्पांना सांग, अजून थोडे दिवस राहा, मग बघू."

राहिलोय.