परण्याची गाडी

बेंजोवाले वाजवत पुढे गेले आणि गाडी मागेच राहिली. तिसऱ्यांदा बंद पडली होती. मे महिन्यातली दुपार, इस्लामपूरजवळचं गाव, मागच्या सीटवर बाशिंग बांधलेला नवरदेव आणि स्टीअरिंगवर त्याचे आजोबा, बापू. मी पाहुणा म्हणून फेटा बांधून शेजारून चालत होतो. जळालेल्या क्लच प्लेटचा वास सगळ्यांच्या आधी मला आला. त्यासाठी मला बॉनेट उघडावं लागत नाही. मिरजेत गॅरेज टाकून सव्वीस वर्षं झालीत. आणि ही गाडी आठ दिवसांपूर्वी माझ्याच गॅरेजमधून बाहेर पडली होती.

लग्नाआधी नवरदेवाला वाजतगाजत मारुतीच्या देवळाला नेतात, त्याला आमच्याकडे परण्या म्हणतात. बापूंची गाडी पन्नासच्या दशकातली, अमेरिकन. लांबलचक, उघड्या टपाची, स्टीअरिंग डाव्या हाताला. चाळीस वर्षं त्यांनी ती परण्याला चालवली. कडेगावपर्यंतची माणसं तिच्यासाठी लग्नाची तारीख मागेपुढे करायची. एवढी वर्षं लोकांचे नवरदेव नेले, या वेळी घरचा नातू होता. बापू अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. "नातवाला देवळाला न्हेतो आन् मग किल्ली सोडतो," असं भेटेल त्याला सांगत होते. त्यांना दुसरं काही नको होतं.

गाडी माझ्याकडे आणली त्यांच्या मुलाने, म्हणजे नवरदेवाच्या वडिलांनी. ते सैन्यातून सुभेदार होऊन रिटायर झालेले. बोलणं एक घाव दोन तुकडे.

"मिस्त्री, बॉडी जुनीच ऱ्हाऊ द्या. आतलं समदं नवं पायजे. ॲक्सिलेटर दाबला की पाठ सीटला चिकटली पायजे."

खरं सांगायचं तर मलाही तेच हवं होतं. ब्रेक ऑइल आणि सस्पेन्शन करून माणूस कंटाळतो. असं काम आमच्या भागात कुणाच्या वाट्याला येतं? मी हुरळून गेलो.

मूळचं सहा सिलिंडरचं इंजिन काढलं. अपघातात निकामी झालेल्या एका एसयूव्हीचं टर्बो इंजिन आणि पाच गिअरचा गिअरबॉक्स आणला. पुढे डिस्क ब्रेक, पॉवर स्टीअरिंग. मागचा क्राऊन-पिनियन बदलला. क्राऊन-पिनियन म्हणजे इंजिनचं फिरणं मागच्या चाकांना देणारी दातेरी जोडी. तिचे दाते बदलले की त्याच इंजिनावर गाडी जास्त पळते. रेडिएटरपुढे बापूंनी कधीतरी ट्रकचा मोठा पंखा बसवला होता. जुगाड म्हणून मी तो हसत काढून टाकला आणि छोटा इलेक्ट्रिक पंखा लावला. इंजिन बदलाच्या कागदांसाठी आरटीओत मारलेल्या खेपा सांगत बसत नाही.

बापू अधूनमधून एसटीने मिरजेला यायचे आणि गॅरेजमध्ये स्टुलावर बसायचे. एकदा म्हणाले, "मिस्त्री, पयल्या गिअरात ती चालती कशी, बघितलं का तुमी? ॲक्सिलेटरवर पायच ठेवायचा न्हाई. माणसाच्या चालीनं जाती आपली आपण."

"बापू, आता चालायचं कशाला? आता पळंल की!"

ते हसले. मला वाटलं, पटलं.

ट्रायलला पेठ नाक्यावरून हायवेला घातली. सुभेदार शेजारी. काटा एकशेवीसच्या पुढे गेला तरी स्टीअरिंग हललं नाही. "कडक!" सुभेदार ओरडले. त्या दिवशी मी हवेत होतो. बापूंनी घरून गावच्या फाट्यापर्यंत एक चक्कर मारली, रस्ता मोकळा होता, गाडी छान गेली. गर्दीत, माणसाच्या चालीने ती कुणीच चालवून पाहिली नाही. मीही नाही.

परण्यात काय झालं ते आता सांगतो. जुनं इंजिन अगदी हळू फिरतानाही ताकद देत होतं. पहिला गिअर टाकून क्लच सोडला की गाडी बेंजोच्या मागे मुकाट्याने चालायची. टर्बो इंजिनाला हळू फिरताना जोर नसतो. त्यात मी दाते बदललेले. आता पहिल्या गिअरातसुद्धा गाडी माणसांना धडकेल एवढी पुढे पळत होती, आणि आवरायला गेलं की बंद पडत होती. मग एकच उपाय, क्लच अर्धा दाबून धरायचा. बापूंनी तो पाऊण तास धरला. गुडघा थरथरत होता. प्लेट जळाली, आणि छोट्या पंख्याला काही आवरेना, म्हणून इंजिनही तापलं.

बॉनेटमधून वाफ आली तशी माणसं बाजूला झाली. सुभेदार मुलाला म्हणाले, "उतर रं. म्हूर्त टळंल."

नवरदेव उतरला आणि चालत देवळाकडे निघाला. बेंजो पुन्हा सुरू झाला. बापू स्टीअरिंग धरून तसेच बसून राहिले. मी दार उघडलं.

"बापू, उतरा. ऊन लागंल."

"माझा पाय चुकला का वो, मिस्त्री?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "न्हाई बापू. माझं चुकलं."

त्यांनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. लोक आधीच बोलायला लागले होते, म्हाताऱ्याला आता जमत नाही म्हणून.

दोन दिवसांनी सुभेदारांचा फोन आला. "बापू जेवंना झाल्यात. जुनं हुतं तसं करून द्या. गावातनं एक चक्कर मारू द्या त्यास्नी."

आमच्या धंद्यात काढलेला माल गॅरेजमध्ये राहतो आणि जागा अडायला लागली की भंगारात जातो. कुणी विचारत नाही, कुणी सांगत नाही. ते इंजिन मी महिन्यापूर्वीच दिलं होतं. भंगारवाल्याकडे पळालो. त्याने एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं नाव सांगितलं. तिथला सुपरवायझर म्हणाला, "जुन्या गाडीचं बिडाचं लोखंड लय चांगलं असतंय. कवाच वितळून पंपाच्या बॉड्या झाल्या." असं दुसरं इंजिन मी पुण्या-मुंबईपासून कोइमतूरपर्यंत विचारलं. मिळालं नाही.

बापूंच्या घरी जाऊन तोंडाने सांगितलं. फोनवर सांगणं सोपं होतं, पण ते बरं दिसलं नसतं. ते खाटेवर बसले होते.

"वितळलं?"

"व्हय."

बापू म्हणाले, "मी तितंच स्टुलावर बसलो हुतो की वो. मला इचारायचं तरी."

मी दाते जुने बसवून देतो म्हणालो, मोठा पंखा लावतो म्हणालो. त्यांनी मान हलवली. "करा. सुभेदाराला लागंल. मी आता बसत न्हाई."

ते काम मी करून दिलं. सुभेदार गाडी हायवेला नेतात, लोक फोटो काढतात. बापू तिच्यात पुन्हा बसले नाहीत. पुढच्या हिवाळ्यात ते गेले. गावात अजून सांगतात, नातवाच्या परण्यात बापूंचा पाय चुकला. मी चारचौघांत दोनदा खरं काय ते सांगून पाहिलं. लोक म्हणतात, मिस्त्री भला माणूस हाय, म्हाताऱ्याचं झाकतोय.

हल्ली काम घेताना जॉबकार्डवर मी आधी लिहून घेतो, गाडी चालवणार कोण. बिल कोणाच्या नावावर करायचं, ते नंतर विचारतो.