दहा मिनिटं पळायची परवानगी

मी बेचाळिसाव्या वर्षी पळायला लागले. त्यामागे काही थोर कारण नाही. शाळेच्या ऑफिसात दिवसभर खुर्चीत बसून कंबर धरायची, डॉक्टर म्हणाले चाला, आणि चालायचा कंटाळा आला म्हणून एक दिवस पळून बघितलं. जेसल पार्कच्या खाडीकाठी मी विजेच्या दोन खांबांमधलं अंतर पळाले आणि तिसऱ्या खांबाला धरून उभी राहिले. फिरायला आलेल्या एका आजोबांनी थांबून विचारलं, "काय होतंय का?" बोलायला श्वास नव्हता, म्हणून मी हातानेच ठीक आहे अशी खूण केली. दुसऱ्या दिवशी परत गेले.

घरात आम्ही तिघं, मी, नवरा आणि सासूबाई. मुलगी शिकायला पुण्यात. सासूबाई राजापूरकडच्या, वय चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. त्यामुळे त्या सोसायटीच्या गेटपलीकडे सहसा जात नाहीत, पण बाल्कनीत बसून सगळ्या इमारतीची खबर ठेवतात. माझ्या पळण्याबद्दल त्यांनी पहिल्या आठवड्यात एकदाच विचारलं. "मागे कुत्रं नाय, पुढे बस नाय, मग धावायचं कशाला गो?" त्यांनी पुन्हा विचारलं नाही, आणि मी मनाशी ठरवून टाकलं की यांना माझं जाणं खुपतं. पहाटे मी दार ओढून घेताना आतून त्यांचं खाकरणं ऐकू यायचं. त्या खाकरण्याचा अर्थही मीच लावायचे. माझा स्वभावच असा आहे. समोरचं माणूस गप्प बसलं की त्याचं भाषण मी लिहून मोकळी होते.

तरी जायचेच. पाच ते सव्वासहा ही वेळ माझी होती. त्या वेळात माझ्याकडे कुणी काही मागत नसे. डबा नाही, शाळेचे दाखले नाहीत, "माझा चष्मा कुठे आहे" नाही. खाडीवरून चिखलाचा वास यायचा, पलीकडे पुलावरून गाडी जायची, आणि मी माझ्या श्वासाकडे लक्ष देत पळत राहायचे. मला ते फार आवडायचं. इतकं आवडायचं की कुणी ते काढून घेईल अशी भीतीही वाटायची.

वर्षभराने मी दहा किलोमीटरची पहिली शर्यत पळाले. थंडीचे दिवस, छातीवर टाचण्यांनी लावलेला नंबर, फिरत्या संडासापुढची रांग. सुटताना ढोल वाजायला लागले आणि त्या नादात मी अशी सुटले की जणू पुढच्या वळणावर शर्यत संपणार आहे. चौथ्या किलोमीटरला माझी हवा गेली. नऊवारीतल्या एक आजी मागून आल्या, "चला मॅडम, चला," म्हणाल्या आणि पुढे निघून गेल्या. शेवटी मी पोचले, मेडल घेतलं, केळं खाल्लं आणि तिथेच फुटपाथवर बसून ठरवलं की आता एकवीस. अर्धमॅरेथॉन. नवऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "आधी घरी तर ये."

जुलैपासून एकवीससाठी सहा महिने घातले. मंगळवारी थोडं पळायचं, गुरुवारी उड्डाणपुलावर चढ-उतार करायचे आणि रविवारी लांबचा पल्ला. रविवारी आम्ही सहा-सात जणं मिळून भाईंदर पश्चिमेहून उत्तनला जायचो आणि परत यायचो. रस्त्याला मिठागरं, मग डोंगरीचा चढ, मग बांबूंवर वाळत घातलेल्या बोंबलांचा वास. तिथे एक मासळीवाली दर रविवारी आम्हाला बघून हसायची. एकदा म्हणाली, "मागं कोनी न्हाय, मग पळतेस कशाला बाय?" मला वाटलं, ही आणि आमच्या सासूबाई एकाच शाळेत शिकल्या असणार.

शर्यत जानेवारीत होती. डिसेंबरातल्या एका रविवारी मी उत्तन करून सोसायटीच्या गेटशी पोचले आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं. एकोणीस पूर्णांक आठ. आता इथे कुठलंही शहाणं माणूस वर जाऊन आंघोळ करेल. पण पळणाऱ्यांना एक रोग असतो. आकडा पुरा झाल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही. वीसला दोनशे मीटर कमी, म्हणून मी पार्किंगमध्ये स्कूटरींच्या मधून फेऱ्या मारायला लागले. तिसऱ्या फेरीला खचलेल्या गटाराच्या झाकणावर पाय पडला. घोटा आतल्या बाजूला वळला आणि काहीतरी टक् करून वाजलं. वॉचमन धावत आला. खाली बसल्या बसल्या मी पहिलं काम कुठलं केलं असेल, तर घड्याळ थांबवलं. एकोणीस पूर्णांक त्र्याण्णव.

घोट्यात बारीक फ्रॅक्चर होतं आणि स्नायूबंधही फाटला होता. सहा आठवड्यांचं प्लास्टर. शर्यतीच्या सकाळी ग्रुपवर फोटो येत राहिले. सगळ्यांचे लाल चेहरे, हातात मेडल. मी फोन उलटा ठेवला आणि रडले.

त्या दिवसांत सासूबाईंनी स्वयंपाकघर हातात घेतलं. उभं राहवत नव्हतं तर स्टुलावर बसून त्या भाजी परतायच्या. सकाळी सहाला मला चहा द्यायच्या आणि समोर बसून राजापूरच्या गोष्टी सांगायच्या. नदीला पूर आला की बाजारपेठेत होडी कशी फिरायची, त्यांच्या थोरल्या बहिणीचं लग्न कसं दोनदा मोडलं. पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यातलं काही ऐकलं नव्हतं. मलाही ती वेळ आवडायला लागली. आणि त्याच वेळी मनात येत होतं, की यांना आता या चहाची सवय झालीय. मी पुन्हा पाचला दार ओढून निघाले तर काय म्हणतील?

प्लास्टर निघालं. आतला पाय वाळक्या दोडक्यासारखा झाला होता. मग फिजिओथेरपी सुरू झाली. तिथली मुलगी माझ्या मुलीएवढी असेल, पण कडक. दात घासताना एका पायावर उभं राहायचं, जमिनीवरचा नॅपकिन पायाच्या बोटांनी गोळा करायचा, जिन्याच्या पायरीवर टाचा उचलायच्या. मी सगळं केलं, एक दिवस चुकवला नाही. ऑफिसलाही जायला लागले, बेव्हर्ली पार्कपर्यंत शेअर रिक्षाने. पण संध्याकाळी घरी आलं की घोटा पुन्हा फुगलेला असायचा. मार्चच्या मध्याला डॉक्टरांनी तो दाबून बघितला आणि तोंड वाकडं केलं. "पंधरा दिवसांत सूज उतरली नाही तर एमआरआय करू," ते म्हणाले, "आणि पळण्याचं आत्ता बोलूच नका. कदाचित विसरावं लागेल."

घरी येऊन मी तांदूळ धुवायला घेतले आणि नळ चालू ठेवून रडत राहिले. नवरा मागे येऊन उभा राहिला. "मला परत पळता आलं नाही तर मी काय करू?" मी म्हटलं. त्याने नळ बंद केला. बाहेरच्या खोलीत सासूबाईंच्या टीव्हीचा आवाज मगाशीच बारीक झाला होता.

पुढच्या दहा-बारा दिवसांत सूज खरंच उतरायला लागली. फिजिओथेरपीवाल्या मुलीने पट्टी बदलली होती, व्यायामही बदलले होते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "दहा मिनिटं. एक मिनिट पळा, एक मिनिट चाला. घड्याळाकडे बघून थांबा." मी दवाखान्यातून निघाले ती जवळजवळ नाचतच. घरी आल्या आल्या बाल्कनीतलं बुटांचं खोकं काढलं. खोकं रिकामं होतं.

माझे ते हिरवे बूट. पोपटी हिरवे, लांबून दिसतील असे. पायांना त्यांची इतकी सवय झाली होती की पायात काही आहे हे कळायचंही नाही.

सासूबाई लसूण सोलत होत्या. "आई, माझे बूट कुठायत?"

"देवळात सोडले," त्या म्हणाल्या. "शनिवारी."

मला एका क्षणात कळलं. आमच्याकडे ही रीत आहे. मागे पीडा लागली असं वाटलं की शनिवारी चपला शनीच्या देवळाबाहेर सोडायच्या आणि मागे न बघता अनवाणी परत यायचं. चपलांबरोबर पीडा तिथेच राहते. केबिन रोडच्या पुढे असंच एक छोटं देऊळ आहे. तिथे शनिवारी संध्याकाळी चपलांचा ढीग पडलेला असतो. त्या ढिगात माझे बूट. मला वाटलं, कामवालीच्या हातून पाठवले असणार.

मग मी जे बोलले ते आजही आठवलं की कान तापतात. "खचलेलं झाकण पालिकेचं नाहीतर सोसायटीचं, आणि शिक्षा माझ्या बुटांना?" एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण थांबले नाही. "तुम्हाला मी घरात बसलेलीच हवी आहे. पहिल्यापासून. सरळ सांगायचं होतंत, बूट कशाला टाकलेत?"

"तसं नाय गो," त्या म्हणाल्या. पण मी आतल्या खोलीत निघून गेले होते. रात्री नवरा म्हणाला, "जाऊ दे ना, नवीन घेऊ." मी त्याच्यावरही ओरडले.

दोन दिवस आम्ही बोललो नाही. सकाळचा चहा मी स्वयंपाकघरात उभ्याने घेतला. त्या बाहेर बसून घेत होत्या. राजापूरची गोष्ट अर्धीच राहिली होती आणि पुढचं विचारायचं माझ्या जिवावर आलं होतं.

तिसऱ्या दिवशी ऑफिसातून येताना तळमजल्यावरच्या बेन गेटशी भेटल्या. गुजराती आहेत, माझ्याशी हिंदीत बोलतात. म्हणाल्या, "भाभी, आंटी का पैर कैसा है अब?"

"कौनसा पैर?"

"अरे, तुमको मालूम नहीं?" त्यांनी जीभ चावली. मग राहवलं नाही त्यांना. "उस शनिवार को, तुम ऑफिस में थी. दोपहर को आंटी नीचे आई, साड़ी के नीचे तुम्हारे वो हरे जूते. अंदर मोज़े ठूँसे हुए, बड़े होते थे ना. मैंने बोला ये क्या पहना आंटी? तो बोली, बहू की पीड़ा उतारने का है, पहन के ही छोड़ना पड़ता है, उससे तो चला नहीं जाता. मैंने बोला रिक्षा कर लो. बोली, रिक्षा से नहीं उतरती."

मी गेटला टेकले.

"आते टाइम नंगे पाँव. ऐसी धूप! मैंने इधर कुर्सी पे बिठाया, पाँव पे पानी डाला. छाले पड़ गए थे. बोली, बहू को मत बोलना. और बोली, ये घर में बैठी रहती है तो इसका मुँह मुझसे देखा नहीं जाता."

गेटपासून ते देऊळ माझ्या चालीने पंधरा मिनिटांवर आहे. सासूबाईंना सोसायटीच्या बाकापर्यंत जायलाच पाच मिनिटं लागतात. लिफ्ट चौथ्या मजल्यावर होती. तिची वाट बघवेना, मी जिन्यानेच चढले.

त्या बाल्कनीत बसून मेथी निवडत होत्या. मी पर्स खांद्यालाच ठेवून त्यांच्यासमोर फरशीवर बसले आणि त्यांचा पाय मांडीवर घेतला. तळव्याला दोन ठिकाणी जुनी कातडी निघून खाली गुलाबी नवी आली होती. त्यांनी पाय ओढून घ्यायला बघितला.

"सोड गो. सणवार आहे काय आज पाया पडायला?"

"मी चुकले, आई," मी म्हटलं. "वाट्टेल ते बोलले." आणि मला रडू आलं. त्यांच्यासमोर मी याआधी कधी रडले नव्हते.

त्यांनी मला रडू दिलं. मेथीची जुडी माझ्याकडे सरकवली, म्हणजे हाताला काम मिळावं. थोड्या वेळाने म्हणाल्या, "डॉक्टरांनी दहा मिनिटं सांगितलीत ना? मग कधी जातेस? की चपलांत धावणारेस?"

"उद्या बूट बघते."

"तसलेच बघ." त्या थोडा वेळ मेथीची पानं खुडत राहिल्या. "बरे होते हो ते. कसे मऊ! जाताना गुडघा दुखलाच नाय माझा."

"आणि येताना?"

"येताना," त्या म्हणाल्या, "कुठे होते ते?"