बसच्या दारातली फळी

बिब्बीला मी पहिल्यांदा पाहिलं ते शाळेच्या जिन्यात. पाचवीतली किडकिडीत मुलगी, दोन खांद्यांवर दोन दप्तरं. एक तिचं, एक तिच्या दादाचं. दादाचे पाय लहानपणीच्या आजारात गेले होते. तो जिना बसून, उलटा, हातांच्या जोरावर चढायचा. मागे पोरं खोळंबली होती आणि त्यातला एक फिदीफिदी हसला. तिने दोन्ही दप्तरं खाली ठेवली आणि त्याच्या थोबाडीत दिली.

मी तेव्हा त्या शाळेत शिकवायचे. तिला वर्गाबाहेर घेतलं आणि का मारलंस म्हणून विचारलं. ती म्हणाली, "दादाचा वर्ग वर कुणी ठेवला, त्याला मारायचं होतं. हा मधे आला."

मी मुख्याध्यापकांशी बोलले आणि दादाचा वर्ग खाली आला. दोन खोल्यांची अदलाबदल, बस्स. मला वाटलं, पोरगी खूश होईल. उलट ती आणखी फुगली. इतकं सोपं होतं तर आधी का नाही केलं, हे तिला झोंबलं होतं. वर्गात सगळे तिला चिडका बिब्बा म्हणायचे. पुढे त्याचं बिब्बी झालं, आणि तेच टिकलं.

बिब्बी शिकली, इंजिनियर झाली आणि शहराच्या बस खात्यात लागली. कुठली बस कुठून कुठे न्यायची, थांबा कुठे ठेवायचा, हे तिचं काम. दादा घरीच कवळ्या बनवायचा. हात असा की त्याच्या कवळीने माणूस पहिल्या दिवसापासून नीट जेवतो. माझीही त्यानेच केलेली आहे. शहराच्या दुसऱ्या टोकाला दातांची एक मोठी प्रयोगशाळा होती, त्यांनी त्याला नोकरी देऊ केली. पण जायचं कसं? तो चाकाच्या खुर्चीत, आणि बसला तीन उंच पायऱ्या. रोज रिक्षा परवडणारी नव्हती, आणि बहिणीच्या स्कूटरवर मागे बसून जायला तो तयार नव्हता. "पोत्यासारखा नेशील मला," म्हणायचा. प्रयोगशाळेचे मालक म्हणाले, काही महिने थांबतो.

त्याच सुमाराला खातं नव्या बस घेणार होतं. उंच घ्यायच्या की खालच्या, रस्त्याला लागून दार असलेल्या, हे ठरायचं होतं. त्याआधी परदेशात बसवाल्यांची एक परिषद होती. तिचे साहेब आणि खात्यातले काही जण निघाले, त्यांत बिब्बीही. तिच्या दृष्टीने दादाचं सगळं या दौऱ्यावर अवलंबून होतं.

परत आल्यावर ती माझ्या स्वयंपाकघरात बसून सगळं सांगत होती. चहाचा कप तिने इतक्या जोरात ठेवला की बशीला चीर गेली. ती बशी मी अजून वापरते.

बसचा अभ्यास करायला गेलेली ही मंडळी तिथे बसमध्ये एकदाही बसली नाहीत. त्यांना फिरवायला बंद काचांची, थंडगार अशी खास गाडी होती. सकाळी गाडीत हजेरी, मग परिषद, मग बाजार. प्रत्येक ठिकाणी खात्याचा फलक धरून फोटो. साहेबांचा नियमच होता, एकट्याने कुठे जायचं नाही, हरवलात तर जबाबदारी माझी. बाजारात साहेब बायकोसाठी पर्स बघत होते. पर्सला आत किती कप्पे आहेत ते त्यांनी तीन दुकानांत तपासलं. बिब्बी म्हणाली, खालच्या बसबद्दल त्यांनी एवढे प्रश्न कुणाला विचारले असते, तर मी त्यांच्या पाया पडले असते.

तिथूनच ती सटकली. समोर थांबा दिसला, आली ती बस पकडली, आणि कुठे जाते ते न बघता शेवटपर्यंत गेली. मग दुसरी पकडली. अख्खं शहर तिने खिडकीतून पाहिलं: दवाखाना, पोहण्याचा तलाव, शाळा, कपडे वाळत घातलेल्या गल्ल्या, भंगाराची गोदामं. एका थांब्यावर चाकाच्या खुर्चीतला एक जाडा माणूस मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसला होता. बस फुटपाथला अगदी चिकटून थांबली. चालक उतरला, दारातली एक फळी उचलून फुटपाथवर टेकवली, माणूस खुर्चीसकट तिच्यावरून चढला, चालकाने फळी परत आत लोटली आणि जांभई देत जागेवर गेला. कुणी वळून पाहिलं नाही. कुणी बाजूला सरून मोठेपणा केला नाही. एक बाई तेवढी घड्याळ बघून कुरकुरली.

"त्याची जांभई बघून मला रडू आलं, बाई," ती म्हणाली. "आपल्याकडे दादाला चार जण उचलतात, दहा जण 'अरेरे' म्हणतात, आणि तो दिवसभर कुणाशी बोलत नाही. तिथे नुसता कंटाळा. मला दादासाठी तो कंटाळा हवाय."

हॉटेलात परतल्यावर साहेबांनी तिला सगळ्यांसमोर झाडलं. तू काय सहलीला आलीस का, म्हणाले. हे बाजारातून आणलेल्या स्वतःच्या पिशव्या मोजता मोजता.

दुसऱ्या दिवशी मंडळींना मोठं बसस्थानक दाखवायला नेलं. साहेबांनी सगळ्यांना ओळीत उभं केलं, फलक ताणला आणि फोटो सुरू झाला. उंच मागे, बुटके पुढे, मग फक्त साहेब, मग यजमानांसह साहेब. ओळ नेमकी बस लागते तिथे. बस येऊन मागे थांबून राहिली. चालकाने भोंगा वाजवला नाही, पाहुणे म्हणून. फुटपाथवर चाकाच्या खुर्चीत एक म्हातारी बाई वाट बघत होती, आणि तिच्या नि बसच्या मधे खात्याचा फलक. बिब्बीने आपल्या हातातलं फलकाचं टोक सोडून दिलं. फोटोत फलक एका बाजूने लोंबतो आहे. तो फोटो खात्याच्या कार्यालयात लावलाय म्हणे.

शेवटच्या बैठकीत यजमानांनी विचारलं, खालच्या बस घेणार का? साहेब म्हणाले, कल्पना उत्तम आहे, पण आमच्याकडे असे प्रवासी नाहीतच. आमच्या बसमध्ये तसं कधी कुणी दिसत नाही.

बिब्बी आपल्या भाषेत त्यांना म्हणाली, "चढताच येत नाही, साहेब, तर दिसतील कुठून?"

यजमानांनी विचारलं, या काय म्हणाल्या? साहेब हसून इंग्रजीत म्हणाले, ती तुमचे आभार मानते आहे.

"नाही," बिब्बी उभी राहून इंग्रजीत म्हणाली, "मी आभार मानत नाहीये." आणि तेच वाक्य तिने पुन्हा, सावकाश, सगळ्यांना कळेल असं सांगितलं. वर दादाची नोकरीही सांगितली.

परक्यांसमोर नाक कापलं गेलं म्हणून असेल, पण साहेबांनी तिथल्या तिथे कबूल केलं की काही बस खालच्या घेऊ. घेतल्याही. त्यांतल्या दोन दादाच्या रस्त्यावर आल्या. पहिल्या दिवशी बहीणभाऊ थांब्यावर गेले. बस आली, दार उघडलं, आणि फळीला कुलूप. फळी चोरीला जाऊ नये म्हणून. किल्ली मुख्य कार्यालयात. चालक म्हणाला, अर्ज करा, ताई.

हे ऐकून माझ्यासारख्या शांत बाईचंही डोकं फिरलं. फळी घ्यायची आणि वर तिला कुलूप घालायचं, हे डोकं चालतं तरी कुणाचं? दादा खुर्ची वळवून घरी गेला आणि जेवला नाही. प्रयोगशाळेने आठवडाअखेरपर्यंतच वाट बघणार असं कळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बिब्बी हातोडा घेऊन आगारात गेली. बस धुणारे बघत उभे राहिले. तिने त्या दोन बसची कुलपं फोडली, मग बाकीच्यांचीही फोडली, आणि हातोडा तसाच हातात धरून साहेबांच्या खोलीत जाऊन सांगितलं, मीच फोडली, दुसऱ्या कुणाला विचारत बसू नका. साहेब खुर्चीत मागे सरकले म्हणतात. हातोडा तिने बाहेर ठेवायला हवा होता, असं मी तिला म्हटलं. ती म्हणाली, आठवलंच नाही.

सरकारी मालमत्तेचं नुकसान म्हणून चौकशी लागली आणि तिची शहराबाहेरच्या आगारात बदली झाली. कुलपं मात्र पुन्हा लागली नाहीत. नवी लावायची तर हुकूम कुणाच्या सहीने काढायचा, हे कुणालाच ठरवायचं नव्हतं. दादा त्याच आठवड्यात कामावर रुजू झाला. परवा चष्मा पुसत मला म्हणाला, आमचा चालक फार तुसडा आहे हो बाई, साधं गुड मॉर्निंग म्हणत नाही. भारी खुशीत होता.

बिब्बीची चौकशी अजून संपलेली नाही. तिच्या हाताखाली शिकलेले दोघे आता तिचे साहेब आहेत. ती त्याच आगारात आहे, आणि रोज सकाळी नव्या चालकांना फुटपाथला चिकटून बस उभी करायला शिकवते.