सासूबाईंची बडबड

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला तर नाहीच. आणि आता तुम्हाला सांगते आहे म्हणजे मी सासूबाईंची मनातून माफी मागितली असेल, असं समजू नका. मला ती बाई आवडत नव्हती — आजही आवडत नाही.

वलगावला आमचा भाजीचा मळा. विकायला सासूबाई आणि मी, दोघी अमरावतीच्या बाजारात बसायचो. बायांना लघवीला जायला तिथे जागा नाही. म्हणून सकाळपासून पाणी प्यायचं नाही, घरी येईपर्यंत दाबून धरायचं — हे मला त्यांनीच शिकवलं. मला सातवा महिना होता तेव्हासुद्धा उठू दिलं नाही. तो राग मी जपून ठेवला. कशासाठी? अशाच एखाद्या दिवसासाठी, दुसरं काय.

त्यांना साखरेचा आजार. एकदा न्हाणीजवळ मला गाठून म्हणाल्या, "लगवीले आग होते वं, अन् मोकयी बी होत नाही. पोराले सांगू नको. तूच ने मले डाक्टरीनबाईकडे."

"हो," म्हटलं. नेलं नाही. सध्या मेथी जोरात आहे, पुढच्या आठवड्यात पाहू — असं करत आठ-दहा दिवस काढले. खरं सांगू? त्या ओटीपोट धरून बसलेल्या दिसल्या की मला बरं वाटायचं.

मग त्या पेंगायला लागल्या, माणसं ओळखेनात. दवाखान्यात नेलं. साखर ठीक, लिव्हर ठीक, पण रक्तात अमोनिया वाढलेला. तो आला कुठून, डॉक्टरांना कळेना. त्यांनी मला विचारलं, लघवीची काही तक्रार होती का? नवरा शेजारीच उभा होता. मी म्हटलं, "नाही."

तेवढ्यात सासूबाईंनी डोळे उघडले. माझ्याकडे बोट केलं. "इले सांगतलं होतं मी. आग होते म्हनून."

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"बडबडून राह्यल्या," मी म्हटलं. "सकाळी मले आपली माय समजत होत्या."

सकाळचं ते खरं होतं, म्हणून हे खपलं. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं, नळी घातली. तुंबलेल्या लघवीत जंतू झाले होते, तेच अमोनिया तयार करत होते आणि तो रक्तातून डोक्यात चढला होता — त्यांनी समजावून सांगितलं. आधी कळलं असतं तर, एवढं म्हणून ते थांबले. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या.

नवरा अजून लोकांना सांगतो, शेवटी आईला कशाचंच भान नव्हतं. होतं. तेवढं एक वाक्य त्या शुद्धीवर येऊन बोलल्या होत्या, आणि ते मी खोटं पाडलं.